मनातली शिट्टी

ताई, परवाच्या गेमला पुन्हा तेच झालं. दुसरा पिरियड, आपण एका गोलने मागे, आणि त्यांच्या एकाने आपल्या पोराच्या पायात सरळ स्टिक घातली. पोरगा तोंडावर आपटला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला रेफरी दहा फुटांवर उभा राहून बघत होता. हात वर नाही, शिट्टी नाही, काही नाही. पाच मिनिटांनी आपल्या पोराने त्याच्या निम्म्यानेही काही केलं नसेल, तर या गृहस्थाला लगेच कंठ फुटला. दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये. माझं डोकं असं फिरलं की मी उभी राहिले, शेजारी वळले आणि ओरडले, "आता बोल! आता घे याची बाजू!"

शेजारच्या जागेवर माझा कोट होता. मागच्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारलं, "यू ओके?" मी म्हटलं, ओके आहे. मग खाली बसले. उरलेल्या पिरियडमध्ये काय झालं ते मला सांगता येणार नाही.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला अजून तुझा राग येतो. असं लिहू नये म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय. तू किती शांत होतीस, नव्याने आलेल्या मुलांना घरी बोलावून कशी पोटभर जेवायला घालायचीस, गणपतीच्या वेळी एकटीने दीडशे मोदक कसे वळायचीस. सगळं खरं आहे. पण तू किती हट्टी होतीस हे कोणी लिहिलेलं नाही. ते माझ्याशिवाय कोणाला माहीतही नसेल.

माझी ईशा युनिव्हर्सिटीत गेली त्या वर्षी पालकांना म्हणून तिथल्या टीमच्या आइस हॉकीची दोन तिकिटं मिळाली होती. ईशा म्हणाली, "मॉम, नोबडी गोज विथ देअर मॉम." नवरा म्हणाला, बाहेर उणे पंधरा असताना पैसे देऊन काय, फुकटसुद्धा मी बर्फाशेजारी बसणार नाही. तू दोन गल्ल्या सोडून राहायचीस. काकांना जाऊन वर्ष झालं होतं आणि हिवाळ्यात गाडी चालवणं तू बंद केलं होतंस. आपली ओळख तेव्हा मंडळापुरती. मी फोन करून विचारलं, "काकू, हॉकी बघायला येता का?" मला वाटलं नाही म्हणाल, आणि मला घरी बसायला निमित्त मिळेल. तू विचारलंस, "पंच किती असतात?"

मला काय माहीत पंच किती असतात. मी म्हटलं, असतील दोन-तीन. "बरं, येते मग," तू म्हणालीस.

त्या दिवशी सगळं रिंक पकमागे, त्या काळ्या रबरी चकतीमागे, माना फिरवत होतं आणि तू रेफरीकडे बघत होतीस. परतताना गाडीत मला रिपोर्ट दिलास. चार जण असतात. दंडावर केशरी पट्टी असते ते दोघे रेफरी, बाकीचे दोघे लाईनमन. त्यातला उंच रेफरी जागा चुकतो. "गोलच्या मागे राहायले पाहिजे त्यानं, तर कोपऱ्यात अडकून राहिला. तिथून काय दिसन त्याले?" तुझी जीभ अशी नागपूरला पोचली की समजायचं, बाई रंगात आली आहे. आणि मग, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, तू सांगितलंस की लग्नाआधी चार वर्षं तू नागपुरात खो-खोची पंच होतीस. पदर खोचून, गळ्यात शिट्टी अडकवून. चाळीस वर्षं कॅनडात, या किचनर गावात राहिलीस आणि एका मराठी माणसाला याचा पत्ता नव्हता. मी विचारलं, सांगितलं का नाही कधी? "कोणी विचारलं नाही," तू म्हणालीस.

मग आपण जातच राहिलो. चौथ्या की पाचव्या गेमला माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं ताई, ऑफसाईड कुठे होता तो!" आणि मी जीभ चावली. तू हसलीस. "राहू दे. अहो-जाहो करून भांडता येत नाही." तेव्हापासून तू माझी ताई, आणि आपलं भांडण सुरू.

कशावरून नाही भांडलो? रिंकच्या दारावर बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी पाटी आहे. तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. पोरं अख्खा पिझ्झा घेऊन येतात. मी पर्समध्ये चिवड्याची पिशवी आणली तर तू मला गाडीत परत पाठवलंस. "पाटी वाचली ना? मग झालं." तेव्हापासून आपण पार्किंगमध्ये गाडीत बसून, काचा धुरकट होईपर्यंत चिवडा आणि थर्मासमधला चहा संपवायचो आणि मग आत जायचो. कॉलेजच्या पोरांचा खेळ तो, तीन-चारशे माणसं असतात फार तर. इकडच्या बाकावर खोकलं तर तिकडे ऐकू जातं. रेफरी कोणाला काय म्हणाला तेही कळतं. म्हणून तर मी मराठीत ओरडायचे. "आंधळा आहेस का रे! डोळे काय घरी ठेवून आलास!" तू माझी बाही ओढायचीस. "कायले ओरडून राहिलीस? त्याले समजत नाही." मी म्हणायचे, "म्हणूनच तर ओरडते आहे." मराठीत ओरडलेलं कुठे पोचत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आणि तू काय करायचीस, तर पिरियड संपून रेफरी आत जायला निघाले की टाळ्या वाजवायचीस. अख्ख्या रिंकमध्ये एकटी. लोक वळून बघायचे. त्यांना वाटत असणार, या आजीबाईंचा नातू रेफरी आहे. एकदा एका रेफरीने तुझ्याकडे बघून हात केला तर तू आठवडाभर खुशीत होतीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण खेळ बघायला तूच शिकवलंस, हे मला कबूल करायलाच हवं. पकमागे धावत जाऊ नकोस, तू म्हणायचीस, रेफरीचा हात बघ. गुन्हा झाला की आधी हात वर जातो. खेळ चालूच राहतो. गुन्हेगाराच्या टीमने पकला स्टिक लावली की मग शिट्टी. "बघणं आधी असतं. शिट्टी मागून येते." आता माझी नजर आपोआप त्या हाताकडे जाते. ऑफिसातले कॅनडात जन्मलेले लोक मला विचारतात, तुला पेनल्टी आधीच कशी कळते?

एका बाबतीत मात्र तू माझ्या बाजूने होतीस. पहिल्या पिरियडमध्ये ज्याला पेनल्टी देतात, ते शेवटच्या पाच मिनिटांत केलं तर सगळे रेफरी मूग गिळून बसतात. म्हणे, निकाल पोरांनी ठरवावा, रेफरीने नाही. यावर तू टाळी वाजवायची नाहीस. "घड्याळ बघून नियम बदलला की तो पंच नाही," तू म्हणायचीस आणि पर्सची चेन उघडझाक करत बसायचीस. त्या पाच मिनिटांत आपली मैत्री सगळ्यात घट्ट असायची.

ती खो-खोची गोष्ट तू मला दुसऱ्या वर्षी सांगितलीस. नागपूरजवळच्या एका गावात शाळेच्या मुलींची फायनल होती. शेवटचं मिनिट. पाठलाग करणाऱ्या मुलीचा पाय मधल्या पाटीवर, बसलेल्या मुलींच्या रांगेच्या पट्ट्यावर, पडला. फाऊल. तू बघितलंस. शिट्टी ओठांत होती, श्वास आत घेतला होता, आणि तेवढ्यात त्या मुलीचा हात पळणारीच्या पाठीला लागला. मग शिट्टी वाजली. सगळ्या मैदानाने हात लागलेला बघितला आणि शिट्टी त्यानंतर ऐकली. तू बाद दिलं नाहीस. पाठलागवाल्या मुली हरल्या. लोक मैदानात घुसले. तुला शाळेच्या ऑफिसात कोंडून ठेवावं लागलं. तिथे खिडकीशी हरलेल्या टीमची कप्तान आली, चौदा वर्षांची, आणि तिने विचारलं, "मॅडम, खरंच पाय पडला होता का?"

"मी हो म्हटलं, वैशू," तू मला सांगितलंस. "पडलाच होता. पण तिनं विचारेपर्यंत मला पक्कं माहीत होतं."

त्यानंतर दोन महिन्यांनी तुझं लग्न ठरलं आणि तू इकडे आलीस. पुन्हा गळ्यात शिट्टी घातली नाहीस. हे तू मला गाडीत, चिवडा खाता खाता सांगितलंस आणि मग म्हणालीस, चल, राष्ट्रगीत सुरू होईल.

आता तो गेम. कॅनडाला दीडशे वर्षं होणार म्हणून रिंकभर लाल-पांढऱ्या पताका लावल्या होत्या. रविवारची दुपार, प्ले-ऑफची तिसरी आणि निकालाची मॅच. हरलो की सीझन संपला. आपला कप्तान चौथ्या वर्षाचा, हरलो तर त्याचा हा शेवटचा गेम. एक मिनिट वीस सेकंद राहिली होती, आपण एका गोलने मागे, आपला गोलकीपर काढून सहावा खेळाडू आत घेतलेला. कप्तानाने शॉट मारला. त्यांचा गोलकीपर पकवर बसला. पायाच्या पॅडखाली पक अर्धा दिसत होता. मला दिसत होता, ताई. कप्तानाने स्टिक घालून ढोसलं, पक सरकला, लाल रेषेच्या आत गेला. गोल झाल्याचा मागचा लाल दिवा लागला. आणि मग, मग, शिट्टी वाजली. रेफरीने दोन्ही हात आडवे पसरले. गोल नाही.

मी जे काही ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कप्तान रेफरीपुढे हात जोडल्यासारखे ग्लोव्ह्ज धरून उभा होता. सहाव्या बाकावरून मला त्याचं तोंड दिसत होतं. तू रेफरीकडे बघत होतीस. गेम संपला, पोरं रांगेने हात मिळवून आत गेली, आणि मग रेफरी निघाले. तू टाळ्या वाजवल्यास.

ताई, त्या दिवशी तू टाळ्या वाजवायला नको होत्यास. मी आजही तेच म्हणेन.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, हे काय होतं? तू लायब्ररीतून नियमांची पानं छापून आणलेली होतीस. तुला ती पाठ होती. रेफरीला पक दिसेनासा झाला की खेळ थांबतो. शिट्टी वाजते तेव्हा नाही, त्याने थांबवायचं ठरवलं तेव्हा. "शिट्टी बोटांत असते ना त्याच्या. तोंडापर्यंत न्यायला वेळ लागतो. त्याच्या मनात वाजली होती."

"मनातली शिट्टी!" मी म्हटलं. "मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्ट करते आहे, ताई. लॉगमध्ये नोंद नाही ते घडलंच नाही. याच्या मनात काय होतं त्याचा पुरावा काय?"

"पुरावा नसतोच. म्हणून तर पंच ठेवतात."

"मग उद्या मीही सिग्नल तोडते आणि पोलिसाला सांगते, माझ्या मनात थांबायचं होतं."

"तू गाडी चालवणारी. खेळणाऱ्याच्या मनातलं धरत नाहीत गं. फक्त पंचाच्या मनातलं धरतात."

हे तू इतक्या समजुतीच्या सुरात म्हणालीस, लहान मुलाला पाढे सांगावेत तसं, की माझा तोल गेला. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि तुलाही आठवत असणार. मी म्हटलं, "तू त्या पोरींची फायनल घालवलीस. म्हणून आता दिसेल त्या रेफरीला सोडवत बसतेस. स्वतः सुटावंस म्हणून."

वायपर चालू होते. तुझं घर आलं. उतरताना म्हणालीस, "हळू जा. पुढच्या वळणावर आईस आहे." दार न आपटता लावलंस.

त्यानंतर काय झालं हे लिहिताना मला माझाच इतका संताप येतो की त्यापुढे रेफरी परवडले. तीन आठवड्यांनी तुझा निरोप फोनवर आला. "वैशू, तुझा चिवड्याचा डबा माझ्याकडे राहिलाय. ने कधी जमलं तर." मला जमलं नाही. मी नवऱ्याला पाठवलं. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत, आणि तू तर रीत मोडणारी नव्हेसच. डबा भरून पुडाच्या वड्या आल्या. कोथिंबीर किती महाग असते मार्चमध्ये! मी उभ्याने चार वड्या खाल्ल्या. छान झाल्या होत्या. आणि फोन केला नाही.

का नाही केला? मला वाटत होतं, आधी तू कबूल कर की गोल होता. एवढंच. मग मी बाकीच्याची माफी मागणार होते.

जूनमध्ये ग्रुपवर कळलं की तू बेसमेंटच्या पायऱ्यांवरून पडलीस आणि मंजिरी तुला ओटावाला घेऊन गेली. तुझी लेक ती, तिने तेच करायला हवं होतं. घरापुढे विक्रीची पाटी लागली. मी ग्रुपवर "टेक केअर ताई" लिहिलं आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. सत्तेचाळीस लोकांनी तेच टाकलं होतं. ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला तेव्हा मी दोन तिकिटं काढली, आपल्याच जागांची. मनात होतं, तुला फोन करायचा आणि सांगायचं, तुझी जागा धरून ठेवली आहे, बरी झालीस की ये. दर शुक्रवारी मनात असायचं. दिवाळीला तर फोन हातात घेतला होता. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. दर गेमला कोट शेजारी ठेवून मी एकटी बसायचे, आणि सवय मेली जात नाही म्हणून प्रत्येक चुकीच्या पेनल्टीला ओरडायचे, "बघ ताई! बघ काय केलं याने!"

जानेवारीत एका गुरुवारी मंजिरीचा फोन आला. झोपेतच गेलीस, म्हणाली.

शनिवारी आम्ही दोघं ओटावाला गेलो. साडेपाच तासांचा रस्ता. सगळं आटोपल्यावर मंजिरीच्या घरी, ओटावाच्या कनाटा भागात, बेसमेंटमधल्या तुझ्या खोलीत तिने मला नेलं. पलंग, औषधांचा डबा, आणि टेबलावर एक जुना लॅपटॉप. मंजिरी म्हणाली, "मावशी, आई तुमचे सगळे गेम्स बघायची. यू नो दॅट, राइट?"

मला काही कळेना. ती म्हणाली, युनिव्हर्सिटीची पोरं प्रत्येक होम गेम इंटरनेटवर दाखवतात. एकच कॅमेरा असतो. तो आपल्या बाकांच्या बरोबर वर, माळ्यावर. मी तो शंभरदा बघितला होता. त्याला कान असतील हे कधी डोक्यात आलं नाही. "तिथे कॉमेंटरीपेक्षा तुमचाच आवाज जास्त यायचा. आई वेट करायची. तुम्ही ओरडलात की हसायची. 'ऐक, आपली बाई चिडली.' अँड देन शी वुड आर्ग्यू बॅक. लॅपटॉपशी! तुम्ही म्हणायच्या 'बघ ताई', आणि आई इथून म्हणायची, बघितलं, बरोबर दिलं त्यानं. आय थॉट यू बोथ न्यू."

ऑक्टोबरपासून, ताई. अख्खा सीझन आपण भांडत होतो, आणि मला पत्ता नाही.

मी पलंगावर बसले. मंजिरी दारातच उभी राहिली आणि मग तिचं तोंड एकदम उतरलं. म्हणाली, "मावशी, आय हॅव टू टेल यू समथिंग. लास्ट गेमला तुमचा आवाज आला नाही." माझा घसा बसला होता. मी गेले होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. "आईने तीनदा विचारलं. 'आज वैशू ओरडली नाही. बरी नाही का ती?' मला म्हणाली, तिला फोन कर, विचार. मी म्हटलं, उद्या करते. आय वॉज गोइंग टू, मावशी, आय रिअली वॉज. मग मंडेला माझं प्रेझेंटेशन होतं, मग…" आणि ती रडायला लागली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, डिपार्टमेंट चालवणारी, लहान पोरीसारखी.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "असू दे गं. तुझ्या मनात होतं ना. ते तिला कळलं असणार."

हे मी म्हटलं, ताई. मी. आणि म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

थोड्या वेळाने मंजिरीने डोळे पुसत विचारलं, "एक विचारू? आई नेहमी रेफरीच का बघायची? पक कुठे आहे हे तिला माहीतच नसायचं." तिला एवढंच ठाऊक होतं की आई शाळेत खो-खो खेळायची. तू तुझ्या लेकीलाही सांगितलं नव्हतंस. मला एकटीला सांगितलंस, आणि मी त्याचं काय केलं ते आपल्या दोघींनाच माहीत आहे.

मग मी तिला सगळं सांगितलं. खोचलेला पदर, गळ्यातली शिट्टी, शेवटचं मिनिट, मधल्या पाटीवर पडलेला पाय, ऑफिसच्या खिडकीशी आलेली ती मुलगी. शेवटी तिने विचारलं, "वॉज शी राइट?"

मी तिथे नव्हते. मी तेव्हा शाळेतही जात नसेन. लॉग नाही, व्हिडिओ नाही, साक्षीदार नाही. बावीस वर्षांत असल्या गोष्टीवर मी कधी सही केलेली नाही.

"हो," मी म्हटलं. "तुझ्या आईने बरोबर शिट्टी वाजवली. पाय पडला होता."

हे तुला गाडीत म्हणायचं होतं. त्या वळणाच्या आधी, तू उतरायच्या आत. ते न म्हणता मी दुसरंच बोलले. ते अत्यंत वाईट होतं आणि खोटंही होतं. माफ कर मला. तू म्हणशील, खेळणाऱ्याच्या मनातलं धरत नाहीत. नियम मला माहीत आहे. दिवाळीला हातात घेतलेला फोन तू धरू नकोस, ऑक्टोबरात काढलेलं तिकीट धरू नकोस. पण मी ओरडत होते ते तर ऐकू येत होतं ना? तेवढं धर.

उद्या पुन्हा गेम आहे. माझा घसा आता बरा आहे. चिवडा गाडीतच खाईन, पाटी वाचलेली आहे. रेफरी आत जायला निघाले की टाळ्याही वाजवेन, दोन-तीन, तुझ्या वाटच्या. लोक बघतील तर बघोत. तुझा तो रेफरी खोटं बोलत नव्हता, त्याच्या मनात शिट्टी वाजली असेल, हेही मी आता मान्य करते.

पण पक आत होता, ताई. मी बघितला होता.